मार्क पोरांचे, पण ऑप्शन फॉर्म घर भरतं

दहावीचा निकाल लागला की आपल्या नाशिकमध्ये दोन गोष्टी एकदम होतात. कॉलेज रोड, गंगापूर रोडला क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रिक्षावाल्याच्या पोरीची नाहीतर धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या पोराची बातमी फिरायला लागते, खाली ओळ ठरलेली, "परिस्थिती आड येत नाही, जिद्द पाहिजे." पोरांचं कौतुक आहेच, मनापासून आहे. पण ती खालची ओळ मला दरवर्षी खटकते आणि यंदा आमच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर त्यावरून जरा वाजलंच माझं. तिथे तुकड्या तुकड्यात लिहिलं ते इथे सलग लिहितोय, लांब झालंय, वेळ असेल तरच वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझं अशोकस्तंभाजवळ झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. समाजशास्त्रात एम.ए. केलंय, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा काही निघाली नाही, काही वर्षं कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने, शिकवलं, ते मानधन कधी यायचं कधी नाही, मग मशीन घेतलं आणि बसलो. मित्र चिडवतात, चिडवू देत. पण जून-जुलैमध्ये काउंटरच्या आतल्या बाजूला बसलं की आम्ही परीक्षेपुरते पाठ केलेले ते सगळे फ्रेंच, इंग्रज, अमेरिकन समाजशास्त्रवाले एक एक करून समोर येऊन उभे राहतात.

अकरावीचा फॉर्म घ्या. आता सगळ्या राज्याला ऑनलाईन झालाय. पार्ट वनमध्ये माहिती आणि कागदपत्रं, पार्ट टूमध्ये कॉलेजांचे पसंतीक्रम (हाच तो ऑप्शन फॉर्म), जास्तीत जास्त १०. दिसायला एकदम समान, सगळ्यांना एकच स्क्रीन, तेच दहा रकाने. मागच्या सीझनला एक ताई आल्या, गंगापूर रोडच्या, पोरगा सोबत नव्हताच, तो म्हणे क्लासला गेलाय (हो, निकालाच्या आधीच अकरावीचा क्लास सुरू असतो). ताईंच्या हातात गेल्या वर्षीच्या कटऑफची प्रिंट, हायलायटरने रंगवलेली. त्यांना पक्कं माहीत होतं की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे अ‍ॅडमिशन घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिला नंबर कुठल्या कॉलेजला द्यायचा यावर नवऱ्याला दोनदा फोन, भावाला एकदा, आणि क्लासच्या सरांना मेसेज. पोराला ८१ टक्के.

त्याच दुपारी पेठकडचे, म्हणजे आदिवासी तालुक्यातले, एक बाबा आले, मुलीला घेऊन. ५०-५५ किलोमीटर, सावळघाटातून एसटीने, सकाळी निघालेले. मुलीला ८४. मी विचारलं कुठली कॉलेजं टाकायची, तर बाबा म्हणाले, "तुम्हीच टाका भाऊ, तुम्हाला ठावं. स्टँडवरून चालत जाता येईल असं टाका." मग हळूच, "होस्टेल लागेल ना? नाही लागलं तर कॉलेजाचं राहू द्या." मुलगी काहीच बोलली नाही, दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत उभी होती. तिच्यासाठी फॉर्ममधला अकरावा रकाना खरा होता, जो स्क्रीनवर नसतोच, राहायचं कुठे.

आता सांगा, ८४ वाली आणि ८१ वाला यांच्यात फरक जिद्दीचा आहे का?

पिएर बोर्द्यू नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होऊन गेला, त्याने आणि त्याचे सहकारी पासरों यांनी १९७० मध्ये मांडलं ते साधारण हेच आहे. पैशासारखंच सांस्कृतिक भांडवल पण असतं म्हणे. घरात कुठली भाषा बोलतात, पुस्तकं आहेत का, ऑफिसात साहेबाशी कसं बोलायचं, नियम कुठे वाचायचा, हे सगळं घरातून फुकटात मिळतं आणि शाळा ते सगळ्यांकडे आहे असं धरूनच चालते. मग ज्याच्याकडे आहे तो "हुशार" ठरतो आणि ज्याच्याकडे नाही तो "कच्चा". घराने दिलेलं शाळा स्वतःच्या शिक्क्याखाली परत देते, आणि शिक्का शाळेचा असल्याने कुणी शंका घेत नाही. पुढे अ‍ॅनेट लॅरो या अमेरिकन बाईंनी घराघरात जाऊन बघितलं, २००३ मध्ये पुस्तक आलं त्यांचं. मध्यमवर्गीय आईबाप पोराला शाळेशी, डॉक्टरशी वाटाघाटी करायला शिकवतात आणि कष्टकरी आईबाप शाळेला मान देऊन गप्प बसतात, शाळेला ठावं म्हणतात. अमेरिकेतलं निरीक्षण आहे, पण त्या बाबांचं "तुम्हाला ठावं" ऐकताना मला त्याच बाई आठवल्या.

आपल्याकडे त्यात भाषा आणखी. पेठ, सुरगाण्याच्या पाड्यावर पोर घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतं आणि पहिलीत येऊन प्रमाण मराठीच्या पुस्तकासमोर बसतं. त्याच्यासाठी मराठी माध्यम हेच परक्या भाषेचं माध्यम आहे, आणि आपण मराठी विरुद्ध इंग्रजी असं भांडत बसतो! त्यात ऑक्टोबरची छाटणी आली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये टोळ्या उतरतात, बरीच लहान पोरं आईबापाबरोबर मळ्यावर. सत्र शाळेचं चालू आहे आणि पोर बागेत झोळीतल्या भावंडाला सांभाळतंय. एका बागेला ठिबक, दुसरीला नशीब, आणि हंगामात दोन्हीचा माल एकाच काट्यावर घालून वेलीला नावं ठेवायची, तसलं आहे हे.

ग्रुपवर एकाने लिहिलं, अरे पण शाळा नसती तर ही पोरं बाहेर कशी पडली असती. बरोबर आहे. दुर्खीमने शंभर वर्षांपूर्वी सांगितलंच आहे की शिक्षण म्हणजे नव्या पिढीला समाजात घेण्याचं काम, आणि टाल्कॉट पार्सन्सने १९५९ मध्ये म्हटलं की शाळा हा घर आणि समाज यांच्यातला पूल आहे. घरात तू कुणाची पोर म्हणून लाडकी, शाळेत मात्र सगळ्यांना एकच पट्टी. डेव्हिस आणि मूर १९४५ मध्येच म्हणून गेले होते की समाजाला महत्त्वाच्या जागी लायक माणसं हवीत, म्हणून चढाओढ आणि जास्त मोबदला. वाचायला हे छान वाटतं आणि अर्धं खरंही आहे. माझे वडील सातवी, मी एम.ए., मी कशाला नाकारू. पण पट्टी एक असली तरी उभं कुठे केलंय ते या मंडळींनी फार पाहिलं नाही. आणि गंमत बघा, आपण जो "मेरिट" शब्द उठसूट वापरतो ना, मेरिटचं राज्य म्हणजे मेरिटॉक्रसी, ही कल्पना मायकल यंगने १९५८ मध्ये लोकांपर्यंत नेली ती टिंगल करायला. गुणवत्तेच्या नावाखाली वर बसलेल्यांना आपण लायकच आहोत असा माज येईल आणि खाली राहिलेल्यांना आपली लायकीच नाही असं पटेल, ही त्याची भीती होती. त्या फ्लेक्सखालच्या ओळीचा मला राग येतो तो ह्यामुळे. जिंकलेल्याला टाळ्या द्या हो, पण जो नापास झाला त्याला ती ओळ सांगते की दोष तुझाच.

शाळेची दुसरी बाजू सातपूर, अंबडच्या एमआयडीसीत दिसते. बोल्स आणि गिंटिस हे दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञ म्हणाले (१९७६) की शाळेची रचना कारखान्यासारखी असते, घंटा, रांग, गणवेश, वरच्याला विचारल्याशिवाय जागचं हलायचं नाही, मार्कासाठी काम करायचं, कामात मन नसलं तरी. भोंग्याची सवय पोराला पहिलीपासून लागते. हे मला जरा सरधोपट वाटायचं, अजूनही वाटतं. त्यापेक्षा पॉल विलिसचं आवडतं, त्याने इंग्लंडमधल्या एका कारखान्यांच्या गावात कामगारांच्या १२ पोरांबरोबर वेळ काढला, १९७७ मध्ये लिहिलं. ती पोरं वर्गात दंगा करायची, अभ्यास करणाऱ्यांना हसायची, मास्तरांना जुमानत नव्हती, आणि त्याच बंडखोरीने स्वतःच्या पायाने बापासारख्याच अंगमेहनतीच्या कामावर जाऊन पोचली. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर हेच चालायचं, "शेवटी अंबडलाच लागायचंय ना भो, कशाला पाठ करतो." लागले पण. फक्त विलिसच्या पोरांना निदान सरळ नोकरी मिळाली, आमच्या पोरांना कॉन्ट्रॅक्टरची, काही महिने आणि मग ब्रेक.

आणि इथे आपल्या मागच्या पिढीबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही. नाशिकरोडची नोटांची प्रेस, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, सातपूरची मायको कंपनी, यांनी दहावी नाहीतर आयटीआय झालेल्या माणसाला कायम नोकरी, क्वार्टर नाहीतर घराचं कर्ज, दवाखाना, सगळं दिलं. आज सिडकोत, जेलरोडला, पाथर्डी फाट्याला ज्यांची घरं आहेत त्यातल्या कितीतरी जणांचे वडील या दारातून आत गेले. म्हणजे त्यांना वर काढलं ते नुसत्या शिक्षणाने का? शिक्षणाच्या पलीकडे नोकरी उभी होती म्हणून ते शिक्षण चाललं. आता त्याच मशीनवर डिप्लोमा मागतात, कुठे बी.ई. पण उभा असतो. रोनाल्ड डोरने १९७६ मध्ये याला पदवीचा रोग म्हटलं होतं, नोकऱ्या वाढत नाहीत, मग चाळणी बारीक करायला पदवी वाढवत न्यायची. माझ्याकडे पोलीस भरतीच्या फॉर्मला एम.एस्सी. झालेली पोरं येतात, फी भरताना दहा रुपये सुट्टे शोधत. त्यांना काय सांगू, जिद्द कमी पडली?

मग करायचं काय, असं ग्रुपवर तिघाचौघांनी विचारलं. मला विचाराल तर ह्याचं उत्तर आपल्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी देऊन झालंय, ते म्हणजे बोर्डिंग.

जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे सांगितलं की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षणाचा फायदा वरच्या वर्गाला, वरच्यांना शिकवलं की ते खाली झिरपेल ही समजूत खोटी आहे, आणि १२ वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. शाहू महाराजांनी पुढची पायरी ओळखली. खेड्यातल्या पोराला कॉलेज आहे पण कोल्हापुरात त्याला कुणी घरात घेत नाही, जेवायला कुणी वाढत नाही, मग १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी केली. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १९१७ चं, वसतिगृहं त्याच्या किती आधीची बघा. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले. आणि आपल्या नाशकात मविप्र, म्हणजे मराठा विद्या प्रसारक ही शिक्षणसंस्था, १९१४ ची, तिची मुळं उदोजी बोर्डिंगमध्ये. त्या बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला बसवायला १९२० मध्ये शाहू महाराज स्वतः आले होते. आज मविप्र म्हटलं की लोकांना निवडणूक आणि पॅनल आठवतं, पण सुरुवात तिथली आहे, निफाड-चांदवडकडून आलेल्या शेतकऱ्याच्या पोराला रात्री अंग टाकायला जागा आणि दोन वेळची भाकरी.

बोर्द्यू जन्मायच्या आधी ह्या लोकांना कळलं होतं की अडचण वर्गात कमी आणि वर्गाबाहेरच्या १८ तासांत जास्त आहे. बोर्डिंगने त्या पोरांना नुसतं छप्पर नाही दिलं, पुढच्या वर्गातला दादा दिला, तो सांगायचा कुठला फॉर्म कधी सुटतो, कुठल्या सरांना काय विचारायचं. गंगापूर रोडच्या ताई पोराला जे घरात देतात ते ह्यांना तिथल्या ओसरीवर मिळायचं. माझ्या मामांनी बोर्डिंगात दिवस काढले, ते अजून इंग्रजी अर्ज लिहिताना "रूममधल्या कोपरगावच्या दादाने शिकवलेला" नमुनाच लिहितात.

आणि आज? आज हॉस्टेल हा विषयच बातमीत नाही, बातमीत इंटिग्रेटेड कॉलेज (कॉलेज आणि क्लास एकातच) आणि नीटचे रँक. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहातली मेस बंद करून पैसे खात्यावर टाकायचं ठरलं तेव्हा पोरं पुण्याहून नाशिकला आदिवासी आयुक्तालयावर पायी निघाली होती, किती जणांना आठवतं? अठरा वर्षांच्या पोराने पैसे खात्यावर कधी येतील ते बघायचं, डबा लावायचा, हिशोब ठेवायचा आणि मग फिजिक्स. डबेवाली मावशी काही सरकारचा हप्ता यायची वाट बघत नाही.

एक जण म्हणाला, सरकारने किती दिवस पोसायचं. अरे, तुझ्या पोराला २२ वर्षांपर्यंत तू पोसतोच आहेस की, खोली, एसी, टू-व्हीलर, क्लासची फी धरून. त्याला आपण पोसणं म्हणत नाही, संस्कार म्हणतो. यावर त्याचा अंगठा आला नाही अजून.

ती पेठची मुलगी? तिला कॉलेज पहिल्या फेरीत लागलं. हॉस्टेलची यादी नंतर लागते. मधल्या दिवसांसाठी पंचवटीत लांबच्या आत्याकडे राहिली म्हणून अ‍ॅडमिशन टिकली, आत्या नसती तर जागा गेली असती. अ‍ॅडमिशनची आणि हॉस्टेलची यादी एकाच आठवड्यात लावायला काय लागतं हो? याला काही क्रांती लागत नाही, दोन खात्यांच्या कॅलेंडरचा प्रश्न आहे. इथे कुणी आयुक्तालयात किंवा झेडपीत ओळखीचं असेल तर हा एवढा मुद्दा तरी पोचवा.

आणि कामाचं, शेअर करा हे. हॉस्टेलसाठी येताना जातीचा दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, टीसी, मार्कशीट, आधार आणि आधार लिंक असलेलं पासबुक घेऊन या. बारावीनंतरच्या आदिवासी मुलांना हॉस्टेल नाही मिळालं तर राहण्याजेवणाचे पैसे देणाऱ्या स्वयम योजनेचा अर्ज करता येतो, एससी आणि नवबौद्ध मुलांना अकरावीपासून तशीच स्वाधार योजना आहे, दोन्हीचं आधीच विचारून ठेवा, यादी लागायची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला जुना असेल तर आधी सेतूत जा, मग माझ्याकडे, उगाच दोन हेलपाटे होतात. पेठ-सुरगाणा-त्र्यंबककडच्या पोरांकडून हॉस्टेल फॉर्मच्या प्रिंटचे पैसे घेत नाही. रविवारी दुकान बंद.