सिस्टरला काय लागलं?

कॅज्युअल्टीतल्या स्टाफला मन मोकळं करायला महिन्यातून एक तास मिळावा, असं आमच्या नागपूरच्या नर्सिंगच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर एकीने सुचवलं. लगेच एका ब्रदरचं उत्तर: "मार पेशंटला लागते, समुपदेशन सिस्टरले काहून पाहिजे बाप्पा? लंडनची फॅशन!" टोमणा मलाच होता. मी लेस्टरला राहते, लंडनला नाही, पण ते असो.

पेशंटच्या खिशातल्या सामानाची यादी करायचं काम सिस्टरकडेच येतं. वर्धा रोडवरच्या अपघातातल्या एका पोराची मी केली होती: ॲक्टिव्हाची किल्ली, खर्र्याची अर्धी पुडी, किराणा दुकानाच्या उधारीची चिठ्ठी. आई आल्यावर वाचून दाखवली, सही घेतली. तिने उधारी किती ते विचारलं. मी आकडा सांगितला, तोवर पुढचा स्ट्रेचर आत. मला खरचटलंही नव्हतं. तरी पुढे कित्येक महिने ॲक्टिव्हा जवळून गेली की पोटात गोळा यायचा.

दुसऱ्याचं दुःख झेलता झेलता काळजी घेणाराच कसा थकतो, यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी १९९५ साली लिहून ठेवलंय. कामाच्या ओघात असले तपशील वारंवार अंगावर येणं हाही आघातच, असं अमेरिकेच्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये मान्य केलं. फॅशन म्हणणाऱ्यांनी निदान साल तरी बघावं. आणि घटना घडल्या घडल्या सगळ्यांना गोल बसवून बोलायला लावणं हा उपाय नव्हे. तसं करू नका, असं उपचार कसे करावेत हे ठरवून देणारी ब्रिटनची नाईस संस्थाच सांगते. टेडेस्की आणि कॅल्हून हे मानसशास्त्रज्ञ ज्याला आघातानंतरची वाढ म्हणतात, तीही आघातातून आपोआप होत नाही. नंतर माणूस त्याच्याशी झगडतो त्यातून होते, आणि ऐकणारं कोणी असलं तर बरीच सोपी जाते.

इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये नर्सलाच सहकाऱ्यांचं असं ऐकून घेण्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली, आणि त्या बोलण्याचा तास ड्युटीत धरणं अपेक्षित असतं. कॉरिडॉर ट्रॉल्यांनी भरला की सगळ्यात आधी तोच तास रद्द होतो, हे मात्र मी ग्रुपवर सांगणार नाही.

मिळतो तेव्हा त्या तासात मी लेस्टरचं फारसं बोलतच नाही. उधारीची चिठ्ठीच निघते. समोरची आस्थेने ऐकते, आणि तिला खर्रा समजावण्यातच माझी पाच मिनिटं जातात. नागपुरात नाईटला सोबतची सिस्टर डबा पुढे सरकवून "आधी जेव" एवढंच म्हणायची. त्यावरच तर आपण तगलो, असं ब्रदर म्हणेल. खोटं नाही ते. पण तगलेल्यांतली मी तर निघूनच आले.

ज्या सिस्टरांच्या बाजूने मी एवढी भांडते, त्यांतली एक मैत्रीण अजून नागपुरातच नाईट करते. ग्रुपवर तिने एक अक्षर लिहिलं नाही. मला मात्र वेगळा मेसेज केला: "तुझ्याकडे व्हेकन्सी आहे काय?"