लिनस गेल्यावर ७२ तास

भडंगाचा कागद उलगडायच्या आतच विन्यानं विषय काढला. "लिनक्सवाल्यांचं वाचलंत का? लिनस गेला तर पुढं काय, ते लिहून ठेवलं एकदाचं."

"कोण गेला?" मिल्याची मान फोनमधून वर आली. कुणी गेलं म्हटलं की मिल्याचे कान टवकारतात, धंदाच तसा आहे. विमा, म्युच्युअल फंड आणि सकाळी ट्रॅकसूट घालून आमराईत फिरायला येणाऱ्यांना गाठणं.

"गेला नाही, ठणठणीत आहे. आपल्याच वयाचा, ६९ सालचा."

"मग सकाळी सकाळी अभद्र कशाला बोलतोस मर्दा?"

अभद्र काही नव्हतं. लिनस टॉरवाल्ड्स म्हणजे लिनक्स सुरू करणारा माणूस. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, आपल्या अँड्रॉइड फोनांच्या पोटातही तोच. त्या कर्नलच्या कागदपत्रांतच आता नोंद आहे, लिनस एकाएकी नसला तर ७२ तासांच्या आत मुख्य मेंटेनरांची, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांची, चर्चा सुरू करायची आणि पुढची सोय ठरवायची. १९९१ पासून सगळं शेवटी त्याच्याच हातून जातं आणि कागद निघाला आत्ता. २०१८ ला तो थोडे दिवस बाजूला झाला होता, तेव्हा ग्रेग क्रोआ-हार्टमन नावाच्या मेंटेनरनं एक आवृत्ती काढून दिली. आपल्यापैकी कुणाच्या फोनला काही कळलं नाही.

"७२ तास म्हणजे सावडायला," अण्णा म्हणाले. "शहाणी माणसं दिसतात. आमच्या चुलत्यांची वाटणी पण सावडायलाच निघाली होती. फक्त तिथं चर्चा नव्हती, काठ्या होत्या."

अण्णा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले, पंच्याहत्तरीला आलेत, छातीत पेसमेकर आहे. कट्ट्यावर आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, पण त्यांच्या वयाच्या माणसांत त्यांना करमत नाही. ती माणसं फक्त शुगरवर बोलतात म्हणे.

मिल्यानं संधी साधली. "मी इतकी वर्षं काय सांगतोय? ज्याच्यामागं कंपनी नाही ते एका माणसाच्या जिवावर. हौशी लोकांचा खेळ. माणूस गेला की खेळ खलास. विन्या, तुझंच बघ की. श्रावणात तू ॲडमिट झालास आणि घरात अंधार!"

इथं सगळे हसले, विन्या सोडून. कारण गोष्ट खरी आहे. विन्याच्या घरात एक बटण धड नाही. सगळं होम असिस्टंट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर. टाकीत किती पाणी आहे, पंप कधी लावायचा, पॅसेजचा दिवा कुणी आलं की लागायचा, सगळं देवघराशेजारच्या रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालतं. विन्याला मिरजेत नेलं, स्टेंट बसवला आणि त्याच रात्री त्या पायचं मेमरी कार्ड बसलं. पाणी नाही, पॅसेजला उजेड नाही. मेधावहिनी बॅटरी घेऊन घरभर फिरत होत्या आणि हा आयसीयूतून नर्सच्या फोनवरून सांगतोय, "टर्मिनल उघड आणि मी सांगतो ते टाइप कर."

"ती मला काय म्हणाली माहितीये?" शुभा वाचनालयातून येतायेता थांबली होती. "म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं धोका टळला, तेव्हा मला रडू आलं. मग हा टर्मिनल म्हणाला, तेव्हा वाटलं, टळायला नको होता."

"पण बॅकअप होता!" विन्या.

"कुठं होता?"

"त्याच कार्डावर."

अण्णांना इतकं हसू आलं की पाठीवर थाप मारावी लागली.

मिल्या आता फॉर्मात. सस्टेनेबिलिटी, सपोर्ट, कस्टमर केअर, अकाउंटेबिलिटी असे चार शब्द एका दमात. मिल्याला वाटतं शब्द इंग्रजी असला की मुद्दा आपोआप सिद्ध होतो. शेवटी म्हणाला, "कंपनी मरत नाही. माणसं मरतात."

"ऑर्कुटवर तुझं खातं होतं ना?" विन्यानं शांतपणे विचारलं.

मिल्या गप्प. ऑर्कुटवर त्याचं काय काय होतं ते कट्ट्याला माहीत आहे, इथं लिहीत नाही.

"२०१४ ला गुगलनं बंद केलं. त्याआधी रीडर, नंतर पिकासा, नंतर गुगल प्लस. कंपनी जिवंत, धडधाकट. ती मरत नाही रे, ती आपल्याला मारते आणि स्वतः पुढं जाते. आणि तुझा लॅपटॉप? मायक्रोसॉफ्टनं विंडोज दहाचं तेरावं घातलं २०२५ च्या ऑक्टोबरात, तू भंगारात काढलास. त्याच्यावर मिंट, म्हणजे लिनक्सच, टाकून मी अख्ख्या गल्लीचे फोटो ठेवलेत."

मग तो ब्रॅम मोलेनारवर घसरला. दर पंधरा दिवसांनी घसरतोच. व्हिम नावाचा, कोड लिहायचा एडिटर १९९१ मध्ये ह्या डच माणसानं बाहेर काढला, फुकट वाटला, पैसे द्यायचेच तर युगांडातल्या अनाथ पोरांना द्या म्हणाला. व्हिम उघडलं की ती ओळ अजून समोर येते. ऑगस्ट २०२३ मध्ये गेला. घरच्यांनी कळवलं आणि जे बरोबर काम करत होते त्यांनी ते तसंच पुढं उचललं. पाच महिन्यांत नवी आवृत्ती आली, ब्रॅमला अर्पण केलेली. डेबियन नावाच्या लिनक्सचंही तेच. ते सुरू करणारा इयन मर्डॉक २०१५ मध्ये गेला आणि २०१७ ची आवृत्ती त्याला अर्पण केली.

"म्हणजे तुमच्यात वर्षश्राद्धाला आवृत्ती काढतात," अण्णा म्हणाले. "चांगलंय. जेवणावळीपेक्षा स्वस्त."

"पण ब्रॅमच्या मागं माणसं होती," शुभा म्हणाली. "त्यांना तो कोड वाचता येत होता. तुझ्या मागं मेधा आहे. तू तिच्यासाठी काय लिहून ठेवलंयस?"

विन्यानं भडंगातले शेंगदाणे वेचायला घेतले. शुभाचं हेच वाईट आहे, ती बरोबर बोलते.

आमचं मत विचाराल तर विन्याचं घर हा मूर्खपणा आहे, आणि तरी आम्ही विन्याच्या बाजूचे आहोत. कारण ते फोटो. २०१९ ला कृष्णा सांगलीच्या गावभागात शिरली, तेव्हा घराघरातले अल्बम पाण्यात गेले. पाणी उतरल्यावर लोकांनी गाद्या वाळत घातल्या, विन्यानं दोऱ्या बांधून फोटो वाळत घातले. चिमट्यांनी, कपड्यांसारखे. एकमेकांना चिकटलेले फोटो बादलीत भिजवून बोटांनी सोडवत बसायचा आणि मग एकेक स्कॅन करायचा. आता ते सगळे मिल्याच्या भंगार लॅपटॉपवर इमिच नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते चेहरे ओळखतं, तेही घरच्या मशीनवरच, बाहेर काही न धाडता. परवा विन्यानं 'बाळ्या' टाकून दाखवलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलेला आमचा बाळ्या शाळेच्या सहलीत, गणपतीच्या मिरवणुकीत, अर्धा चेहरा पुरानं खाल्लेला. आणि मधूनच त्याच्या पोराचे फोटो. सॉफ्टवेअरला दोघं एकच वाटतात. विन्यानं अजून दुरुस्त केलेलं नाही आणि कुणी त्याला करही म्हटलेलं नाही.

"फुकटच्या गोष्टींवर जीव टाकू नये," मिल्या. त्याला हा विषय लांबवायचा नव्हता, बाळ्याचा क्लेम त्यानंच केला होता.

"जीव?" अण्णांनी शर्टाच्या वरच्या बटणाला हात लावला. "जीव मी टाकलाय की, कंपनीवर. हृदय माझं, पैसे माझे, डबा त्यांचा आणि आत काय लिहिलंय ते त्यांचं गुपित."

विन्याला तेवढंच हवं होतं. अमेरिकेतल्या कॅरन सँडलर, पेशानं वकील. हृदयाचा आजार निघाला, डॉक्टरांनी डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके चुकले की झटका देणारं यंत्र, बसवायला सांगितलं. बाईंनी विचारलं, आतला कोड बघायला मिळेल का? कंपन्यांकडून काही तो मिळाला नाही. शेवटी तसंच बसवून घेतलं. पुढं गरोदरपणात हृदयाचे ठोके जरा इकडंतिकडं झाले, त्यात धोका काही नव्हता, पण यंत्राला वाटलं होता. दिला झटका, तोही गरज नसताना. खुल्या, म्हणजे कोड कुणालाही बघता येईल अशा, सॉफ्टवेअरसाठी त्या भांडत असतात.

"वकिलीणबाईंना कोड वाचता येतो का?" मिल्यानं विचारलं. प्रश्न खरं तर चांगला होता.

"मला इंजिन खोलता यायचं," अण्णा म्हणाले, "पण गाडीतल्या पन्नास माणसांना येत नव्हतं. म्हणून कुणी म्हणालं नाही, वर्कशॉपला कुलूप लावा."

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मिल्याच उसळला. म्हणाला, गुगलमध्ये सोय आहे, आपण वापरलं नाही की ठरलेल्या महिन्यांनी खातं आपल्या माणसाला कळवतं. नॉमिनीच! कंपनी अशी असते.

"तू कुणाला लावलंयस?"

"मी... करायचंय."

"दुसऱ्यांना नॉमिनी विचारत गावभर हिंडतो," शुभा म्हणाली, "आणि स्वतःचं करायचंय."

मग जे व्हायचं तेच झालं. विन्यानं २००७ चं युलिप, म्हणजे पैसे बाजारात लावणारा विमा, उकरून काढलं. मिल्यानं गळ्यात मारलेलं, पुढच्याच वर्षी बाजार कोसळला, त्या पैशात तेव्हा गाडी आली असती. मिल्यानं ९४ च्या गणपतीतला जळालेला अ‍ॅम्प्लिफायर काढला, जो विन्यानं 'जरा सुधारतो' म्हणून उघडला होता आणि ज्याचे पैसे मंडळानं अजून, म्हणजे अजून, मिल्याच्या नावावर लावलेत. अण्णा दोघांनाही भर घालत होते. पेसमेकरवाल्या माणसाला इतकी मजा बरी नव्हे.

तेवढ्यात विन्याचा फोन वाजला. टाकी भरली. पाठोपाठ परत, टाकी भरली. पंप बंद होत नव्हता.

"मेधाला फोन कर, बटण बंद करेल," शुभा म्हणाली.

"बटण नाहीये ना!" विन्या चप्पल शोधत ओरडला.

"स्टेंट आहे, हळू पळ!" सगळे.

मिल्या उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. "बघा! बघा तुमचं ओपन सोर्स!"

"निदान सांगतंय तरी," अण्णा म्हणाले. "तुझं युलिप बुडताना कुणाचा फोन वाजला होता?"