‘सिक्लिडला जड पाणीच हवं’: या सल्ल्यात काय चुकतं

इंदूरच्या मासे पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला भरपूर फिरतो: “सिक्लिडला पाणी जितकं जड तितकं चांगलं. नर्मदेचं पाणी मऊ, ते टाळा. बोरिंगचं थेट भरा. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ५०० च्या खाली आला तर मीठ घाला.”

जितकं जड तितकं चांगलं? सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ आहे. डिस्कस, एंजल, रॅम हे त्यातलेच, आणि ते ॲमेझॉन-ओरिनोको खोऱ्यातले. तिथल्या रिओ नेग्रो नदीत जीएच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा, एक अंशही भरत नाही. फ्लॉवरहॉर्नचं मूळ मध्य अमेरिकेत, त्याला जड पाणी खुशाल चालतं. ऑस्करही तक्रार करत नाही. उरले आफ्रिकन, ज्यांच्या नावावर हा सल्ला खपतो. मलावी सरोवराचा जीएच ४ ते ६ आणि केएच, म्हणजे बायकार्बोनेटचं प्रमाण, ६ ते ८. टांगानिका सरोवराचा जीएच ११ च्या आसपास, पण केएच १८ पर्यंत. म्हणजे दोन्हीकडे कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा बायकार्बोनेट जास्त. पीएच वर धरून ठेवतं ते बायकार्बोनेट. टाकीतले मलावी मासे जीएच २० लाही जगतात हे खरं, पण त्यासाठी मुद्दाम २० करायची काहीच गरज नाही.

मिठाचा सल्ला तर सरळ चुकीचा. साधं असो की सैंधव, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याने मीटरवरचा आकडा वाढतो, जीएच आणि केएच जागचे हलत नाहीत. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच पाहतो. तो आकडा कॅल्शियमचा, मिठाचा की बोरिंगात मुरलेल्या नायट्रेटचा, हे त्याला कळत नाही. थेंबांचं टेस्ट किट घ्या. बहुतेक किटमध्ये ५ मिली पाण्याचा रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक अंश. १० मिली घेतलंत तर अर्ध्या अंशापर्यंत कळतं. एक अंश म्हणजे १७.८ पीपीएम.

नर्मदेचं पाणी टाळायचं कारण नाही. नर्मदाकाठच्या जलूदहून नळाला येणारं हे पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून मे महिन्यात आणि पावसाळ्यात वेगळं मोजा. क्लोरीन मात्र आधी काढा. मलावीसाठी केएच कमी भरला तर खायचा सोडा घाला: १०० लिटरला ३ ग्रॅमने केएच एक अंश वाढतो. जीएच हवा असेल तर एप्सम सॉल्ट, १०० लिटरला साधारण साडेचार ग्रॅमला एक अंश. दोन्ही बादलीत विरघळवून मगच टाकीत. जडपणा वाढवायला फिल्टरमध्ये कोरलचा चुरा किंवा संगमरवराचे तुकडे ठेवण्याची पद्धत आहे, पण पीएच ८ च्या आसपास गेला की ते विरघळणं जवळपास थांबतं. बोरिंगच्या पाण्यात ते नुसती शोभा.

बोरिंगचं पाणी थेट भरण्यात खरा धोका जडपणाचा नसून वायूंचा आहे. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी असतो. नळाखाली पीएच ७.२ दिसला तरी हवा लागल्यावर तो ८ च्या वर जाऊ शकतो. टाकीत अमोनिया असेल तर २५ अंश तापमानाला पीएच ७ वर त्यातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ वर पाच टक्के, ८.५ वर पंधरा. नवी टाकी भरून आठवड्यात मासे मरतात आणि दोष “मऊ पाण्या”वर जातो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. पाणी टबमध्ये एअर पंप लावून २४ तास ठेवा, मग मोजा, मग भरा.

डिस्कस-रॅमसाठी हेच पाणी आरओच्या, म्हणजे जवळपास क्षार नसलेल्या, पाण्यात मिसळा. बोरिंगचा जीएच २४ असेल तर एक भाग बोरिंग, दोन भाग आरओ घेतल्यावर तो ८ होतो. पिल्लं काढायची असतील तर आणखी खाली, कारण जड पाण्यात त्यांची अंडी नीट फळत नाहीत. घरातल्या वॉटर सॉफ्टनरचं पाणी इथे उपयोगाचं नाही: तो कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो, केएच तसाच राहतो. आरओच्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या पाण्यावर सिक्लिड पाळायची युक्तीही ऐकू येते. त्यात क्षारांबरोबर नायट्रेटही दाटलेलं असतं.

ज्या टाकीत मासे आधीच आहेत तिथे जीएच-केएचमध्ये दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त बदल करू नका, आणि एका वेळी पाव टाकीपेक्षा जास्त पाणी काढू नका.