ऊस तोच, सही कोणाची?

आपल्याकडचे साखर कारखाने बंद व्हायला लागतात तेव्हा इथे, दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, गळीत सुरू होतं. मी इथल्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळतो. फडात राबणारे झुलू किंवा खोसा बोलतात, पण त्यांचीही पोरं मागे आजीकडेच असतात. उसाचा हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

२०२४ च्या हंगामात फडाच्या कडेला एचआयव्ही तपासणीची गाडी लागली होती. कामगारांसोबत मीही रांगेत उभा होतो. माझ्यापुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती, असेल चौदाएक वर्षांची. एकटीच. नर्सनं वय विचारलं आणि तिला आत घेऊन पडदा ओढला. पालक कुठे, हा प्रश्नच आला नाही. वीसेक मिनिटांनी मुलगी बोटाला कापूस दाबून बाहेर आली, दप्तर उचललं आणि चालू लागली. निकाल काय आला ते मला कळलं नाही, कळायला नकोच होतं.

दक्षिण आफ्रिकेचा २००५ चा बालक कायदा सांगतो की १२ वर्षांचं मूल स्वतःच्या एचआयव्ही चाचणीला स्वतः संमती देऊ शकतं. त्याहून लहान मुलाला चाचणीचे परिणाम समजत असतील, तर तेही. शरीरसंबंधाच्या संमतीचं वय मात्र इथे १६ आहे. रक्तात काय आहे हे जाणून घेणं वेगळं आणि शरीरसंबंध वेगळा, हे इथल्या कायद्यानं सरळ वेगळं करून टाकलंय.

आपण नेमकी तिथेच गल्लत करतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी १६ ते १८ वयातल्या परस्परसंमतीच्या संबंधांना पॉक्सोतून, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यातून, वगळा अशी मांडणी केली, केंद्रानं विरोध केला, आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवडाभर रणकंदन. मी मध्येच विचारलं, मुलांना निदान चाचणी तरी स्वतःहून करता यावी की नको? काकांचं उत्तर आलं, ‘म्हणजे तू त्यांना मोकळीकच दे म्हणतोस!’ २००७ मध्ये महाराष्ट्रानं शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं, तेव्हाही हाच सूर होता. जन्मतःच आईकडून एचआयव्ही आलेल्या मुलानं कसली मोकळीक घेतली होती, हे काकांना विचारायचं राहून गेलं.

आपल्याकडे १८ वर्षांखालच्या मुलाच्या चाचणीला पालकाची संमती लागते. गंमत म्हणजे आपल्याच २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं कलम ३२ म्हणतं की एचआयव्हीबाधित कुटुंबाचा कारभार सांभाळणारं, पुरेशी समज असलेलं १२ वर्षांवरचं मूल धाकट्या भावंडाचं पालक होऊ शकतं. शाळाप्रवेश, बँक खातं, उपचारसुद्धा. म्हणजे बहिणीच्या औषधपाण्याचं बघायला पोरगा मोठा, आणि स्वतःचं बोट टोचून घ्यायला लहान!

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र मुळीच नाही. जगात सर्वाधिक एचआयव्हीबाधित याच देशात आहेत. गाडीपाशी मुली तरी येतात, मुलगे लांबूनच बघतात. गावच्या दवाखान्यातली नर्स शेजारणीची बहीण असते, मग १२ वर्षांचा कायदा कागदावरच राहतो. त्यात जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत रोखली आणि आमच्या फडाकडची गाडी त्यानंतर फिरकलीच नाही. तरीही हा कायदा आपण उचलावा असं मला वाटतं. नर्सची अडचण आपल्याकडेही आहेच, त्यात पालकाच्या सहीची अट आणखी कशाला?

माझा एक शाळासोबती गावाकडे ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. परवा फोनवर त्याला विचारलं, एखादं पोरगं एकटंच आलं तर काय करतोस?

‘पालकांना घेऊन ये म्हणतो.’

‘आणि पालक कारखान्यावर असले तर?’

‘मग काय, हंगाम संपून पट्टा पडल्यावर ये म्हणतो.’

‘येतात?’

‘एक आला होता, मे महिन्यात. आईला घेऊन. आईनं बाहेर बाकावरच विचारलं, तुला कशाला पाहिजे रे ही तपासणी? तो उठून गेला.’