लेट फी साहेबांच्या हातात नसते (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, तुमची कॉमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की वडील दवाखान्यात असताना दुकानाचे तीन महिन्यांचे जीएसटी रिटर्न राहिले, अशा वेळी अधिकाऱ्याने लेट फी माफ करायलाच पाहिजे, जीएसटी कायद्याच्या कलम १२६ मध्ये तसं लिहिलंय, आणि मी ‘माफ होत नाही’ असं लिहून सरकारची वकिली करतोय.

वडील आता बरे असतील अशी आशा. पण ते कलम शेवटपर्यंत वाचा ना. किरकोळ चुकीला दंड नको हे त्यात आहेच, पण सहाव्या पोटकलमात म्हटलंय की जिथे रक्कम ठरलेली आहे तिथे हे लागू नाही. आणि लेट फी मुळात दंडात धरतच नाहीत, ती कलम ४७ ची, दिवसाला ५० रुपये, निल (कर शून्य असलेलं रिटर्न) असेल तर २०, पोर्टल आपणच मोजतं आणि पुढच्या ३बी मध्ये (विक्री आणि कराचा हिशोब देऊन कर भरायचं रिटर्न) आणून टाकतं, ती भरल्याशिवाय रिटर्न पुढे सरकत नाही. साहेबांच्या टेबलावर काही येतच नाही, ते माफ काय करणार?

माफीचा अधिकार कलम १२८ मध्ये आहे, पण तो सरकारचा, जीएसटी कौन्सिलच्या (केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांची समिती) शिफारशीवर, नोटिफिकेशन काढून, आणि तोही करदात्यांच्या एखाद्या वर्गासाठी, एकट्यादुकट्यासाठी नाही. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे जुलैच्या ३बी ची तारीखच २० सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. पुरात अख्खा जिल्हा बुडतो म्हणून तो दिसतो, तुमच्या घरातलं आजारपण कुठल्याच वर्गात बसत नाही. इथे तुमचा राग मला पटतो.

तरी वॉर्डातल्या अधिकाऱ्याला ही सूट द्यायचा अधिकार द्यावा असं मला अजिबात वाटत नाही. हजार रुपयांच्या फीसाठी चार चकरा, वर ‘बघा काहीतरी’, हे विक्रीकराच्या जमान्यात धंदा केलेल्या कुणालाही विचारा! मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. २०१७ च्या सुरुवातीच्या महिन्यांची लेट फी माफ केली तेव्हा ज्यांनी आधी भरलेली त्यांचे पैसे कॅश लेजरला (पोर्टलवरचं करदात्याचं रोख खातं) परत आले, पण २०२१ च्या योजनेत जुन्या रिटर्नची फी जास्तीत जास्त हजार केली, निलला ५००, आणि आधीच भरून मोकळे झालेल्यांना परत काही नाही. म्हणजे प्रामाणिकपणे कर्ज काढून भरणारा गेला की नाही मूर्खात?

तुमच्यापुरतं सांगतो. त्या महिन्यांत दुकान बंदच असेल, विक्री शून्य आणि खरेदीची बिलं पण नसतील तर ते महिने निल, मग कितीही उशीर होवो, ३बी ची लेट फी महिन्याला ५०० च्या वर जात नाही. सीएला आधी हेच विचारा. आणि कलम १२५ खाली दंडाची वेगळी नोटीस आली असेल तर मात्र गप्प बसू नका, तिथे रक्कम ‘२५,००० पर्यंत’ अशी आहे, किती लावायचा हे अधिकारी ठरवतो, त्यामुळे दवाखान्याचे कागद लावून लेखी उत्तर द्या आणि हिअरिंग मागा.