171 या आकड्याबाबत लॅबचे उत्तर

नमस्कार. घरच्या ग्लुकोमीटरवर महिनाभर रोज सकाळी साखर 110 ते 118 येत असताना आमच्या लॅबने एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 7.6 आणि सरासरी साखर 171 असा रिपोर्ट दिला, आणि विचारणा केल्यावर काउंटरवर ‘मशीन चुकत नाही’ एवढेच ऐकवले, अशी आपली तक्रार आहे. ते उत्तर उर्मट तर होतेच, शिवाय चुकीचेही होते. लॅबचा मालक या नात्याने मी आपली क्षमा मागतो. (आपण स्वतः जाहीर केलेल्या आकड्यांपलीकडे आपल्या रिपोर्टमधील काहीही मी येथे लिहिणार नाही.)

मुळात 171 हा आकडा मशीनने मोजलेलाच नाही. हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना साखर चिकटली आहे, एवढेच मशीन सांगते. त्या 7.6 ला 28.7 ने गुणून 46.7 वजा केले की 171 येतात. हे सूत्र 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातले असून ते अनेकांच्या नोंदींवरून बसवलेले आहे. एचबीएवनसी 7 असेल तर सूत्राने सरासरी 154 निघते, पण प्रत्यक्षात ती बहुतेकांमध्ये 123 ते 185 यांच्या दरम्यान कुठेही असते. रिपोर्टवर आम्ही तो आकडा ‘अंदाजे’ हा शब्द न लिहिता छापत होतो, ही आमची चूक.

तरीही केवळ सकाळच्या नोंदींवरून रिपोर्ट खोटा ठरवता येणार नाही. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि त्या काळात रात्रंदिवस तिच्यातील हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असतो. जेवणानंतर 200 च्या पुढे गेलेली आणि पहाटेपर्यंत खाली आलेली साखर उपाशीपोटीच्या तपासणीत दिसत नाही, एचबीएवनसीमध्ये मात्र तिची नोंद राहते. आपण केवळ सकाळचेच आकडे दिले आहेत, म्हणून हे लिहितो.

आता आपल्या बाजूने. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर एचबीएवनसी खोटाच वाढलेला दिसू शकतो. उलट नुकताच रक्तस्राव झाला असेल तर तो कमी येऊ शकतो. नमुना घेताना हे विचारायला हवे होते, पण आमच्या अर्जात तो प्रश्नच नव्हता. तो आता घातला आहे.

आपल्या शिल्लक नमुन्याची फेरतपासणी विनाशुल्क केली असून निकाल आपल्याला स्वतंत्रपणे कळवला आहे. आठवडाभर जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी साखर मोजून ती वही आणि दोन्ही रिपोर्ट आपल्या डॉक्टरांना दाखवावेत. औषधात बदल करायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचे आहे.