बिंदू चौकात आई चप्पल काढते

चौकातल्या पुतळ्यांत धार्मिक अर्थ शोधणं ओढूनताणून आहे, हे एका लेखात वाचलेलं वाक्य कोल्हापूरकर म्हणून अजिबात पटलं नाही. आमच्या बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला १९५० साली, ते हयात असताना. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १९५६ साली. म्हणजे पुतळा बसला तेव्हा तिथं बुद्धवंदनेचा प्रश्नच नव्हता. तो अर्थ नंतर माणसांनी आणला, आणि म्हणून तो खोटा ठरत नाही.

माझी आई १४ एप्रिलला तिथं पोचली की आधी चप्पल काढते, रस्ता कितीही तापलेला असो. मेणबत्ती लावते, त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्याची वंदना म्हणते, मग शेजारच्या जोतिराव फुल्यांच्या पुतळ्यालाही तसाच नमस्कार करते. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको म्हणणारे जोतिराव तिला तिथं परके वाटत नाहीत. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.